दोन रकान्यांची वही

पहिले तीन महिने ताईंनी मला कुणालाही काहीही शिकवू दिले नाही. त्यांच्या व्यायामशाळेत मी मदतनीस म्हणून लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. ज्याच्या अंगात जोर आहे त्याने तो करून दाखवावा आणि इतरांनी तसे करावे, म्हणजे शिकवणे झाले, एवढीच या कामाविषयी माझी कल्पना होती. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा भार सरळ उभे राहत उचलण्यात, मी तेव्हा स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार उचलत होतो आणि प्रशिक्षक होण्यासाठी तेवढे पुरेसे आहे, असे मला मनापासून वाटत होते. ताईंनी माझी लिफ्ट एकदाच पाहिली. "पाठ छान राहते तुझी," एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातात एक कोरी वही ठेवली. "इथे जे येतात त्यांच्याकडे बघायचं आणि लिहायचं. कुणाला सूचना द्यायची नाही. कुणी काही विचारलंच तर मला हाक मार."

आज या व्यवसायात मला पंधरा वर्षे होत आली आहेत. माझी सुरुवात कुणी करून दिली, असे कुणी विचारले की मी ताईंचे नाव घेतो आणि समोरच्याला वाटते की त्यांनी मला नोकरी दिली असेल किंवा ओळखीपाळखी करून दिल्या असतील. ते दोन्ही त्यांनी केलेच. पण मी ज्याच्या ऋणात आहे ती गोष्ट त्या वहीपासून सुरू होते आणि ती एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हा लेख.

पहिल्या आठवड्यात मी वहीत वजने लिहिली. कोणी किती किलो उचलले, किती सेट केले, मध्ये किती वेळ थांबले, असे सगळे नीटनेटके टिपले होते आणि मला त्याचा अभिमानही होता. संध्याकाळी ताईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "हे सगळं त्यांच्या तक्त्यातही आहे. यात माणूस कुठे दिसतो?" मला त्या प्रश्नाचा अर्थ लागायला बरेच दिवस गेले. दिवसभर वजनाच्या प्लेट जागेवर लावणे, चटया पुसणे आणि उरलेल्या वेळात भिंतीला टेकून लोकांकडे पाहणे, असा तो क्रम होता. हळूहळू मला दिसू लागले. एका गृहस्थांची टाच स्क्वॉटच्या, म्हणजे भार घेऊन काढलेल्या उठाबशांच्या, सातव्या-आठव्या रेपला (आवर्तनाला) नखभर उचलली जात असे आणि त्यानंतरच त्यांचे गुडघे आत झुकत. एक काकू प्रत्येक सेटच्या आधी उजव्या गुडघ्यावरून तळवा फिरवत, पण गुडघा दुखतो का असे विचारले की नाही म्हणत. एक तरुण मुलगा भार उचलण्यापूर्वी श्वास भरून धरत असे, आणि तो सोडायचे भान त्याला दोन-दोन रेप राहत नसे. हे मी लिहू लागलो तेव्हा ताईंनी वही पाहून काहीच म्हटले नाही. फक्त पान उलटले, आणि तेवढ्यावरून मला कळले की आता बरोबर चालले आहे.

त्यांची उभे राहण्याची एक खास जागा होती. कुणी व्यायाम करत असेल तर त्या कधीही अगदी समोर किंवा अगदी बाजूला उभ्या राहत नसत. तिरक्या, दोन पावले मागे, हात पाठीशी गुंफलेले. त्याचे कारण मी विचारले तेव्हा त्यांनी मला त्या जागेवर उभे केले आणि स्वतः रिकामा बार घेऊन खाली बसल्या. तिथून गुडघा, टाच, पाठीचा बाक आणि अर्धा चेहरा असे चारही एकदम दिसत होते. "समोरून पाठ दिसत नाही आणि बाजूने गुडघे कुठे जातात ते दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आणि चेहरा कधीच नजरेतून सोडायचा नाही." बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणे निजून छातीवरून बार वर ढकलण्याच्या व्यायामाला, आधार देताना त्यांचे दोन्ही तळवे बारच्या खाली दोन बोटांच्या अंतरावर असत. बार वर जाई तसे ते वर जात आणि खाली येई तसे खाली येत, पण बार खरोखर अडेपर्यंत स्पर्श म्हणून होत नसे. अडला की मात्र तो स्पर्श इतका हलका असे की उचलणाऱ्याला वाटे, आपणच उचलले. मी आधार देताना बार ओढून घेत असे. ते सोडायला मला वर्ष लागले.

दुपारी गर्दी ओसरली की त्या शिकवत. त्यांच्या शिकवण्यात पुस्तकातली माहिती नेहमी कुणातरी माणसाला चिकटून येई, म्हणून ती आजही डोक्यात पक्की आहे. व्यायामशाळेच्या फळ्यावर तीन गुणिले दहा, म्हणजे दहा-दहाचे तीन सेट, असे रोज लिहिलेले असे. ही पद्धत कुठून आली, असे त्यांनी एकदा विचारले आणि मी कुठल्यातरी बलदंड पहिलवानापासून आली असेल, असे उत्तर दिले. ती एका लष्करी रुग्णालयातून आली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म नावाचे एक अमेरिकी डॉक्टर जखमी सैनिकांच्या गुडघ्यांवर उपचार करत होते. त्या वेळी अशा स्नायूंना हलका व्यायाम आणि भरपूर वेळ द्यावा, अशी समजूत होती. डिलॉर्म यांनी जड भार वापरून तो टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत अवलंबली आणि १९४५ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. पुढे काही वर्षांत तिचे रूप सुटसुटीत झाले: दहा वेळा कसाबसा उचलता येईल असा भार ठरवायचा, मग त्याच्या निम्म्याने दहा, पाऊण भाराने दहा आणि पूर्ण भाराने दहा. "आपल्या कामाचा पाया जायबंदी माणसांनी घातला आहे," ताई म्हणाल्या. "जोरदार माणूस आला की खूश व्हायचं आणि अडखळत चालणारा आला की दुसऱ्याकडे पाठवायचं, असं कधी करू नकोस." माझ्या मनात नेमके तसेच काहीतरी होते आणि ते त्यांना दिसले होते.

तीन महिन्यांनंतर त्यांनी मला पहिली माणसे दिली. पाचव्या महिन्यात माझ्या हातून ती चूक झाली, जिच्यामुळे मी हा व्यवसाय सोडणार होतो.

नव्याने आलेले एक गृहस्थ होते, अठ्ठावन्न वर्षांचे. ट्रेडमिलवर चालण्याचा कार्यक्रम मी आखला होता. २२० मधून वय वजा करायचे, म्हणजे कमाल हृदयगती मिळते, हे सूत्र मला पाठ होते. त्यानुसार त्यांची कमाल गती १६२ आणि तिचे ७० टक्के म्हणजे साधारण ११३. यंत्राच्या दांड्यावरचा आकडा मात्र ९८ च्या पुढे सरकत नव्हता. मी वेग वाढवला, मग चढ वाढवला. आकडा शंभरच्या आसपासच राहिला. या सगळ्या वेळात मी ज्या गोष्टी वहीत लिहायला शिकलो होतो त्या सगळ्या माझ्यासमोर घडत होत्या: दांडा पकडलेल्या बोटांची पेरे पांढरी पडली होती, ओठ कोरडे झाले होते, आणि "ठीक आहे ना काका?" या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर न देता ते नुसती मान हलवत होते. हे मला दिसत होते. तरीही मी आकड्यावर विश्वास ठेवला. वीस मिनिटे झाली तेव्हा यंत्र हळूहळू कमी करण्याऐवजी मी ते एकदम थांबवले. ते दोन पावले चालून खाली उतरले, भिंतीकडे हात नेला आणि भिंत हाताला लागण्यापूर्वीच कोसळले.

ताई कुठून आल्या ते मला कळले नाही. मी उभाच होतो. त्यांनी त्या गृहस्थांना पाठीवर निजवले, त्यांचे पाय दोन घड्या केलेल्या चटयांवर ठेवले, मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी पाहिली आणि त्यांच्याशी अगदी नेहमीच्या आवाजात बोलत राहिल्या. काही सेकंदांत ते डोळे उघडून बघू लागले. मला त्यांनी एकदाच सांगितले, "पाणी राहू दे, आधी त्यांच्या घरी फोन कर." नंतर त्या स्वतः त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. जाण्यापूर्वी माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, "चूक आमच्याकडून झाली आहे. तुमचं काही चुकलेलं नाही." 'आमच्याकडून' हा शब्द त्यांनी सहज उच्चारला होता. मी मात्र तो पुढे कित्येक दिवस मनात घोळवत राहिलो.

संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी नोंदवही काढली, घटना लिहिली आणि जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. मग त्या गृहस्थांनी प्रवेशाच्या वेळी भरलेला अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि तो मोठ्याने वाचायला सांगितला. नाव, वय, उंची, वजन, पूर्वीचे आजार. 'सध्या चालू असलेली औषधे' या ओळीत त्यांनी स्वतःच्या स्वच्छ अक्षरात रक्तदाबाच्या गोळीचे नाव लिहिले होते. ती बीटा-ब्लॉकर होती. ही औषधे हृदयाची गती मुळातच रोखून धरतात, त्यामुळे माणूस पुरता दमला तरी ठोक्यांचा आकडा तेवढा चढत नाही. तो अर्ज मी हातात घेतला होता, फाइलमध्ये लावला होता, आणि वाचला नव्हता.

ताईंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपे गेले असते. त्यांनी कागद घेतला आणि ते सूत्र समजावून सांगितले. १९७० च्या सुमारास फॉक्स आणि हॅस्केल यांनी उपलब्ध नोंदींवरून काढलेला तो एक ढोबळ अंदाज आहे; एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांची कमाल गती त्या अंदाजाच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली सहज असू शकते. २००१ मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक नोंदी तपासून २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करण्याचे सूत्र मांडले. त्याने या गृहस्थांचा आकडा १६७ येतो, पण तीही सरासरीच, आणि ही गोळी घेणाऱ्याला दोन्ही सूत्रे लागू नाहीत. यंत्र एकदम थांबवले की काय होते, तेही त्यांनी तेव्हाच सांगितले. चालताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते एकाएकी थांबले की रक्त पायांतच साचते, मेंदूकडे कमी जाते आणि माणूस उभ्याउभ्या पडतो. म्हणून शेवटची पाच मिनिटे हळूहळू उतरत आणायची असतात. हे मी ऐकलेले होते. पण शेवटची पाच मिनिटे म्हणजे व्यायाम संपल्यानंतरचा फावला वेळ, असे मी मानत आलो होतो.

मी म्हणालो, "ताई, मी उद्यापासून येत नाही." त्या कागद आवरत होत्या. "उद्या साडेपाचला ये," त्या म्हणाल्या. "सकाळी त्यांना फोन करून प्रकृती विचारायची आहे आणि ते काम तुझं आहे."

मी गेलो. फोन केला. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून नीट शब्द फुटत नव्हते आणि ते गृहस्थच मला धीर देत होते. आठवडाभर मी रोज फोन केला. तीन आठवड्यांनी डॉक्टरांचे परवानगीचे पत्र घेऊन ते परत आले, तेव्हा ताईंनी मला जवळ बोलावले आणि माझ्यासमोर त्यांना विचारले, "तुमची तयारी असेल तरच, हाच मुलगा तुमचा कार्यक्रम बघेल. मी शेजारी असेन." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हो म्हटले. त्या क्षणाचे मोल मला तेव्हा कळले नाही, कारण मी घाबरून गेलो होतो. आता स्वतःची व्यायामशाळा चालवताना कळते. ज्याच्या हातून एक माणूस कोसळला आहे त्याच्याच हाती तो माणूस पुन्हा द्यायचा, तर आपले नाव, इतक्या वर्षांचा विश्वास आणि त्या माणसाचा जीव हे सगळे पणाला लागते. ताईंनी ते माझ्यासाठी केले, आणि तसे करताना काही मोठे करत आहोत असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

त्याच दिवशी त्यांनी दुसरी वही दिली. प्रत्येक पानावर पट्टीने एक उभी रेघ मारलेली होती. डाव्या रकान्यावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते 'मला दिसला' आणि उजव्यावर 'त्यांनी सांगितला'. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजण्यासाठी तयार केलेली ६ ते २० ची श्रेणी व्यायामशाळेच्या भिंतीवर टांगलेली होती. ती सहापासूनच का सुरू होते, हे कोडे मला पडलेले असायचे. त्याचा उलगडा त्यांनी त्या दिवशी केला. शांत बसलेल्या माणसाचे ठोके साधारण साठ आणि तरुण माणसाचे कमाल ठोके साधारण दोनशे, म्हणून श्रेणीतल्या आकड्याला दहाने गुणले की हृदयगतीचा ढोबळ अंदाज यावा, अशी ती बेतलेली आहे. अकरा म्हणजे हलके, तेरा म्हणजे काहीसे कठीण, पंधरा म्हणजे कठीण. गोळीमुळे ठोके बोलत नसतील तेव्हा माणसाला स्वतःला विचारण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. पण माणसेही नेहमी खरे सांगत नाहीत. म्हणून नियम असा होता, की त्यांना विचारण्याआधी मी चेहरा, मान, श्वास आणि हात पाहून माझा आकडा डाव्या रकान्यात लिहायचा, मग विचारायचे, आणि त्यांनी सांगितलेला आकडा उजवीकडे लिहायचा. आधी लिहिलेले खोडायचे नाही.

पहिल्या आठवड्यात माझ्या आणि त्यांच्या आकड्यांत तीन-तीन, चार-चारचा फरक पडत असे. मग फरकाला आकार आहे, असे लक्षात येऊ लागले. काही माणसे नेहमी दोन कमी सांगतात. आपण दमलो हे कबूल करणे त्यांना जड जाते आणि बहुधा घरीही ती असेच सांगत असावीत. काही जण, विशेषतः ज्यांना लहानपणी खेळाच्या मैदानावर कुणी हसले आहे असे, पहिल्या मिनिटातच सतरा म्हणतात, आणि त्यांच्याबाबतीत तो आकडा भीतीचा असतो. तिसऱ्या आठवड्यात तेवढ्याच वेगाला ते बारा म्हणतात. एका काकूंनी सतत अकरा सांगितले आणि मी सतत चौदा लिहिले. शेवटी एकदा मी ती वही त्यांना दाखवली, तेव्हा त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मी दमले असं म्हणायची मला सवयच नाही रे." त्या दिवसापासून त्या खरे सांगू लागल्या आणि त्यांचा गुडघाही हळूहळू सुधारला. आठ-नऊ महिन्यांनी दोन रकान्यांतला फरक एकावर आला. ज्या दिवशी एका पूर्ण पानावर दोन्ही रकाने जुळले, त्या दिवशी ते पान मी ताईंकडे नेले. त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, "आता बोल. आता तू सूचना दिल्यास तरी चालेल."

सूचना द्यायचे शिक्षण तिथून पुढे सुरू झाले आणि तेही सोपे नव्हते. स्क्वॉटमधून वर येताना मी लोकांना सांगत असे की मांड्या आवळा, नितंब आवळा, पोट आत घ्या, आणि बिचारी माणसे मध्येच अडकत. ताई फक्त म्हणत, "जमीन खाली ढकला." माणूस सरळ वर येई. पुढे अभ्यास करताना वाचले, की गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या यंत्रावर प्रयोग केला होता. स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलेल्यांपेक्षा यंत्राच्या चाकांवर जोर देण्याकडे लक्ष द्यायला सांगितलेले शिकाऊ अधिक चांगले शिकले. हे वाचून मी धावत ताईंकडे गेलो. त्यांनी तो निबंध लक्षपूर्वक वाचला आणि त्यांना खरोखर आनंद झाला, कारण जे त्या तीस वर्षे नुसत्या नजरेने करत होत्या त्याला कुणीतरी नाव दिले होते.

परीक्षेचा अभ्यास त्यांनीच करून घेतला. शरीररचनेतला प्रत्येक स्नायू त्या मला आधी स्वतःच्या अंगावर बोटाने शोधायला लावत आणि मगच चित्रात दाखवत. हृदय बंद पडलेल्याला छाती दाबून जिवंत ठेवण्याचा सराव त्यांनी मला परीक्षेला लागेल त्याच्या कितीतरी पट अधिक करायला लावला. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल; बाहुल्यावर दोन मिनिटे हे केले की दंड थरथरू लागतात. का एवढा आग्रह, हे त्या बोलल्या नाहीत आणि मला विचारायची गरज वाटली नाही.

एका आजींविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. वय एक्याऐंशी. त्यांना एवढेच हवे होते, की बसक्या खुर्चीतून कुणाचा हात न धरता उठता यावे. मी त्यांच्यासाठी एक-एक किलोचे डंबेल काढले. ताईंनी ते शांतपणे जागेवर ठेवले आणि म्हणाल्या, "वयाला घाबरून वजन ठरवू नकोस." मारिया फियाटारोन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यांनी मला तेव्हा सांगितला. शुश्रूषागृहात राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांच्या स्नायूंसाठी चांगल्या जड भाराचा व्यायाम देण्यात आला, आणि ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्या वयात स्नायू वाढत नाहीत, ही समजूत तिथे कोलमडली. आजींसाठी आम्ही भार म्हणून त्यांचे स्वतःचे शरीरच वापरले. खुर्चीवर चार चटया घड्या करून ठेवल्या, म्हणजे आसन उंच झाले आणि त्यांना उठता येऊ लागले. दोन आठवड्यांनी एक चटई काढली. मग दुसरी. तिसरी काढायला महिना लागला, मध्ये एकदा परत ठेवावी लागली. चौथी काढली त्या दिवशी आजी उठल्या, उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या, आणि मग आमच्याकडे न पाहता नुसत्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मी आजवर पाहिलेली सर्वांत मोठी लिफ्ट तीच आहे, असे मी मनापासून मानतो.

चौथ्या वर्षी ताईंनी मला त्यांचा सकाळी सहाचा तास दिला. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना यात विशेष वाटणार नाही. प्रशिक्षकाचा दिवस सकाळी आणि संध्याकाळी चालतो. मधली दुपार रिकामी जाते. सहाच्या तासाला नेमाने येणारी, वर्षानुवर्षे न चुकणारी माणसे असतात. त्यांच्यावर प्रशिक्षकाचे घर चालते आणि त्यांच्या बोलण्यातून त्याचे नाव होते. ताईंनी ती माणसे एकेक करून माझ्याकडे सोपवली, प्रत्येकाशी स्वतः बोलून, आणि स्वतः दुपारी दोनच्या निवृत्त मंडळींच्या गटाकडे गेल्या. "मला आता पहाटे उठवत नाही," असे त्यांनी मला कारण सांगितले. मी ते खरे मानले. पुढे कितीतरी वर्षांनी मला समजले, की त्या पहाटे चारलाच उठत होत्या आणि अजूनही उठतात.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनीच मला जायला सांगितले. "इथे राहिलास तर लोक प्रत्येक गोष्ट मला विचारून खात्री करून घेतील आणि तूही घेशील." मला ते टाकून दिल्यासारखे वाटले आणि काही महिने मी मनात अढी धरून होतो. ते लिहायला आज अवघड जाते, पण कृतज्ञतेविषयी लिहायचे तर तेही लिहायला हवे. नव्याने व्यायाम सुरू केलेल्या माणसाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत वाढते, तेव्हा आरशात काहीच दिसत नाही. स्नायू आकाराने वाढलेले नसतात, मेंदू आणि नसा त्यांना अधिक नीट कामाला लावायला शिकलेल्या असतात. ताईंनी मला जे दिले ते मला असेच फार उशिरा दिसले. भिंतीला टेकून काढलेले तीन महिने वाया गेले, असे मी त्या वेळी घरी सांगत होतो.

मागच्या वर्षी ताई माझ्याकडे आल्या. त्यांच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले होते, शस्त्रक्रियेनंतरचा फिजिओथेरपीचा टप्पा पुरा झाला होता, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंची गेलेली ताकद परत मिळवायची होती. अशा शस्त्रक्रियेनंतर हा स्नायू फार झपाट्याने उतरतो आणि तो सावकाश, महिनोन्‌महिने भरून काढावा लागतो. त्या आता सदुसष्ट वर्षांच्या आहेत. मी म्हणालो, "ताई, मी तुमच्याकडे येतो, तुम्ही कशाला आलात?" त्या म्हणाल्या, "अर्ज कुठे आहे तुझा?" आणि बाकावर बसून त्यांनी तो पूर्ण भरला. मी तो त्यांच्यासमोर उभा राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. औषधांच्या ओळीवर थांबलो, दोन प्रश्न विचारले, डॉक्टरांचे पत्र पाहिले. त्या वेळी त्या खाली बघत होत्या.

मग खुर्चीतून उठण्या-बसण्याचे सेट सुरू केले. मी तिरका उभा राहिलो, दोन पावले मागे. आठव्या वेळी त्यांचा उजवा खांदा किंचित पुढे आला आणि भार डाव्या पायावर गेला. श्वास तोंडाने येऊ लागला. ओठ घट्ट मिटून त्या दहाव्यांदा उठल्या आणि खाली बसल्या. मी वहीच्या डाव्या रकान्यात लिहिले आणि विचारले, "किती, ताई?"

"तेरा."

मी उजवीकडे तेरा लिहिले आणि काही न बोलता वही त्यांच्यासमोर धरली. डावीकडे पंधरा होते. त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिल्या. आधी लिहिलेले खोडायचे नाही, हा नियम त्यांचाच. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतले, स्वतःचा तेरा तसाच ठेवला आणि त्याच्यापुढे, पहिल्या वहीत रकान्यांवर लिहिले होते त्याच जुन्या अक्षरात, पंधरा लिहिले.